लागवड आढळली

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी नोटीस आली तेव्हा मी लिंबाच्या रोपांना पाणी देत होतो. नोटीस आणणारा सायकलवरून उतरलाच नाही. एक पाय जमिनीला टेकवून त्यानं कागद पुढे केला, माझी सही घेतली आणि निघून गेला. कागद मी खिशात ठेवला. आधी लिंबं पूर्ण केली, मग पेरू, मग आंब्याची कलमं. पाईप गुंडाळला, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि मग पायरीवर बसून कागद उघडला. घाबरलो म्हणून उशीर केला असं नाही. ऊन चढायच्या आत पाणी द्यावंच लागतं. पण थोडा घाबरलोही होतो.

नोटीस जमीन कार्यालयाची आहे. तीनदा वाचली तेव्हा अर्थ लागला. शेतजमीन म्हणजे जिच्या मातीत पेरणी किंवा लागवड करून पीक घेतलं जातं ती जमीन. विक्रीसाठी पिशवीत, कुंडीत किंवा ट्रेमध्ये ठेवलेली रोपं ही त्या जमिनीतली लागवड धरली जाणार नाहीत. पाहणीत लागवड आढळली नाही तर जमीन बिगरशेती धरली जाईल, आणि शेतघराची परवानगी संपेल. घर वर्षाच्या आत मोकळं करावं लागेल.

माझी जमीन दीड एकर. तिच्यावर बावीस वर्षं रोपवाटिका. सगळी रोपं काळ्या पिशव्यांत. लोक येतात, पिशव्या उचलून नेतात. दोन खोल्यांचं घर आहे ते शेतघर म्हणूनच मंजूर झालेलं. जमीन शेती नसेल तर तेही घर नाही.

ही वही खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिली होती. आजपर्यंत कोरी होती. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं म्हणून उघडली.

२० सप्टेंबर, बुधवार

बायकोला फोन केला. ती लेकीकडे असते. नात झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी गेली होती, आता चौदा महिने होतील. पुढच्या महिन्यात येणार आहे.

नोटिशीचं सांगितलं. ती एकदम म्हणाली, “म्हणजे घर सोडावं लागेल?”

“पाहणीत काही सापडलं नाही तर वर्षभरात.”

“मग इकडे याल ना? अहो, जावईबापू कालच म्हणत होते, बाल्कनी बंद करून घेतली तर एक पलंग आरामात बसतो. सकाळचं ऊनही येतं तिथं. तुम्हाला दोन कुंड्या ठेवता येतील.”

तिचा आवाज बराच मोठा झाला होता. काळजीनं होतो तसा. मी म्हटलं, “तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी लढेन. घर जाऊ देणार नाही.”

ती म्हणाली, “हो. लढा.”

तिला आज नीट झोप लागायची नाही. सांगायलाच नको होतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

शेजारचे गुलाबवाले आले होते. त्यांची गुलाबाची वाटिका माझ्या कुंपणाला लागून आहे. मी रोज देवाचं करतो म्हणून ते मला महाराज म्हणतात. माणूस मनानं वाईट नाही, तोंडानं आहे.

“काय महाराज, आलं का प्रेमपत्र?”

“आलं.”

“मग असं सुतकी तोंड का? अरे, पिशव्या गाडायच्या! काठापर्यंत खड्डा, पिशवी आत, वरून पाला. वरून बघणाऱ्याला शेत दिसतं. खाली बघायला वाकायला लागतं, आणि सरकारी कंबर वाकत नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर उपटायच्या नि विकायच्या. माझे गुलाब आजवर दोनदा शेत झाले आणि दोनदा पुन्हा दुकान.”

मी म्हटलं, “हे खोटं नाही का?”

“खोटं कसं? झाड खरं, माती खरी, खड्डा खरा. मध्ये एवढंसं प्लास्टिक. तुझ्या देवाला विचार, एवढ्याशा प्लास्टिकवरून तो कुणाला नरकात घालतो का?”

देवाला विचारलं नाही. काय सांगेल ते ठाऊक असलं की माणूस विचारायला जात नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार

पाहणी मंगळवारी आहे. काल आणि आज मिळून पेरूच्या दोनशे पिशव्या गाडल्या. घरासमोरच्या पट्ट्यात, दोरी लावून, सरळ ओळीत. कामाला येणारी मावशी आणि मी. मावशी अकरा वर्षं येते आहे. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड.

“भाऊ, आपण फसवतोय कुणाला? झाडाला की साहेबाला?”

“साहेबाला.”

“मग हरकत नाही. झाड रुसलं तर फुटत नाही. साहेब रुसला तर दुसरा येतो.”

काठांवर पाला पसरल्यावर दुरून खरोखर बाग दिसायला लागली. मी फाटकापाशी जाऊन पाहिलं. बावीस वर्षांत माझ्या जमिनीवर बाग कधी दिसली नव्हती. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मावशी ओरडली, “भाऊ, फोटो काढू का?”

३ ऑक्टोबर, मंगळवार

पाहणी झाली. पाहणीला आलेला साहेब म्हणजे एक बाई निघाली. तिशीच्या आतली असेल. पायात मातीनं माखलेले बूट, खांद्याला पिशवी, हातात फॉर्म. मला पहिल्यापासून काका म्हणाली.

ओळींमधून चालली. फोनवर फोटो काढले. मध्येच एका रोपाशी उकिडवी बसली, पेनानं पाला थोडा बाजूला केला, थोडा वेळ तशीच राहिली, मग उठून गुडघ्याची माती झटकली. सरकारी कंबर वाकली म्हणायची. पण तिला काही दिसलं नाही. देवाची कृपा म्हणावी तर ती अशा कामात मागू नये.

मग घर बघायचं म्हणाली. फॉर्ममध्ये शेतघराचाही रकाना असतो. मी चहा ठेवला. दुसरा कप फळीवर मागे गेला होता, त्यावर धूळ होती, म्हणून दोनदा धुतला. बाई खिडकीतून दांडीवरच्या कपड्यांकडे बघत होती. माझा एक सदरा आणि एक टॉवेल वाळत होता.

“घरात राहणारे किती काका?”

“दोन. मी आणि मंडळी. सध्या लेकीकडे आहे, पुढच्या महिन्यात येणार.”

“किती दिवस झाले जाऊन?”

“झाले थोडे.”

मग मी तिला कलम कसं बांधतात ते सांगितलं. डोळा कुठून काढायचा, पट्टी किती घट्ट, कुठल्या महिन्यात सोडायची. लिंबाच्या तीन जाती दाखवल्या. ती जायला निघाली तेव्हा घड्याळ पाहिलं तर दोन तास झाले होते. एवढं बोलल्यामुळे घसा दुखत होता. बाईला दुसरं काम नसावं. तिनं फाटकाशी उभं राहून फॉर्म पूर्ण केला आणि मला दाखवला. लागवड आढळली. राहणारे: दोन. खाली सही.

४ ऑक्टोबर, बुधवार

तिला सांगितलं. “पाहणी पास झाली. घर राहिलं.”

“बरं झालं हो.”

“आता तू निवांत ये.”

“हो.”

“पुढच्या महिन्यात?”

“बघते. चिमणीला दाढा येतायत, रडते फार.” चिमणी म्हणजे आमची नात. मी म्हटलं, तिला फोन दे. ती म्हणाली, “आत्ता नको. दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल,” आणि फोन ठेवला.

आनंदाची बातमी होती. उद्या सावकाश बोलेन. तिची दुपारची वेळ गडबडीची असते.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज टेम्पो येऊन तिचं शिलाईचं मशीन घेऊन गेला. नातीचे कपडे शिवायला तिनं मागवलं. मी फोनवर म्हटलं, “अगं, येताना पुन्हा आणायचं म्हणजे किती उचलाउचल.” ती म्हणाली, “तेव्हाचं तेव्हा बघू.”

मशीन होतं तिथं फरशीवर चार स्वच्छ चौकोन राहिले आहेत. बाकी फरशी किती मळली आहे ते त्यामुळे कळलं. पुसून काढली. जागा मोकळी होती म्हणून बियांचे ट्रे आत आणून ठेवले. बाहेर उंदीर नासधूस करतात.

१६ ऑक्टोबर, सोमवार

पेरूचं जुनं गिऱ्हाईक आलं. फळबाग लावतो आहे, त्याला दोनशे रोपं हवी होती, आणि नेमकी तीच, घरासमोरची. तयार माल तेवढाच होता. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

मावशीनं आणि मी सकाळच्या प्रहरात दोनशेच्या दोनशे पिशव्या उपसून काढल्या. मला वाटलं होतं, एखाद्या तरी पिशवीतून मूळ खाली उतरलं असेल, ओढताना थोडं तरी तुटेल. एकही नाही. भांडं कपाटातून काढावं तशी पिशवी वर येत होती.

ट्रक गेला. घरासमोर दोनशे खड्डे उरले. मावशी म्हणाली, “भाऊ, हे बुजवू?”

मी म्हटलं, “राहू द्या.”

“पाय मोडेल कुणाचा.”

“कोण येतंय इथं?”

तिनं रिकामं घमेलं उचललं. ही बाई गप्प बसली की मला जास्त लागतं.

तिन्हीसांजेला दिवा लावला, पण हात जोडून नेहमीसारखं म्हणता आलं नाही. कार्यालयातल्या कागदावर एक बाग उभी आहे. ती इथं नाही. माझ्या शब्दावर कुणीतरी सही केली आहे.

१८ ऑक्टोबर, बुधवार

जमीन कार्यालयात गेलो. लांब खोली, भिंतीला कपाटं, कपाटांवर दोरीनं बांधलेले गठ्ठे, पंख्याखाली कागद उडू नये म्हणून ठेवलेले दगड. पाहणीबाईचं टेबल शेवटचं. मी समोर उभा राहून म्हणालो, “बाई, त्या दिवशी तुम्ही लिहिलंत ते खरं नाही.”

तिनं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं आणि उठली. “चला काका, चहा घेऊ.”

बाहेर टपरीपाशी मी सगळं सांगितलं. पिशव्या, पाला, ट्रक, खड्डे. ती कपात बघत ऐकत होती.

“पिशवी मी पाहिली होती काका. पेन लागलं की प्लास्टिकचा आवाज येतो.”

मी कप खाली ठेवला. “मग लिहिलंत का?”

“तुम्ही म्हणालात, काकू पुढच्या महिन्यात येणार. म्हटलं, त्या येतील तेव्हा घर तरी असू दे.” मग हसून म्हणाली, “आणि तुम्ही मला दोन तास कलम शिकवलंत. एवढं कुणी बोललं की माझा हात लिहायला जड होतो. या नोकरीला मी नालायक आहे, आई रोज सांगते.”

मी म्हटलं, “हो, येणार आहे ती.” म्हणताना जीभ अडखळली. का ते कळलं नाही.

मग तिनं नीट समजावलं. फाईल सतरा नोव्हेंबरला वर जाते. तोवर पाहणीत लागवड नव्हती असं मी लिहून दिलं तर जमीन बिगरशेती. किंवा तोवर मी खरी लागवड करावी, मग कागद आपोआप खरा होईल, आणि आज तिनं काहीच ऐकलेलं नाही.

“आणि लागवडही केली, आणि आधी नव्हती हेही लिहून दिलं तर?”

“असं कोण करतं?” ती म्हणाली. “नियम आहे तसा. मग जमीन दोन वर्षं देखरेखीखाली राहते. दर हंगामाला न सांगता पाहणी, मालक स्वतः हजर हवा. एकदा जरी जमीन पडीक दिसली तर गेली. उगीच का दोन वर्षं अडकायचं काका?”

चहाचे पैसे तिनं देऊ दिले नाहीत.

२२ ऑक्टोबर, रविवार

चार दिवस एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. त्या येतील तेव्हा घर तरी असू दे. एका परक्या मुलीनं माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून आपली सही दिली. ते सांगणं तरी खरं आहे का, हे मी कुठं पाहिलं होतं?

आज फोन केला आणि चिमणीची चौकशी करायच्या आधीच विचारलं, “तू येणार आहेस का?”

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“अहो, चौदा महिन्यांत आज विचारलंत,” ती म्हणाली.

“दर वेळी तर विचारतो.”

“नाही. मी म्हणते पुढच्या महिन्यात, तुम्ही म्हणता बरं. का आली नाहीस असं एकदा तरी म्हणाला असतात, तर मी भांडले असते. भांडून कदाचित आलेही असते.”

ते खरंच आहे. मी बरं म्हणत होतो. तिला त्रास नको म्हणून म्हणत होतो, असं मला वाटत होतं.

“इथं सगळं चांगलं आहे असं नाही,” ती म्हणाली. “सहावा मजला आहे, लिफ्ट बंद पडली की गुडघे बोलतात. पण शेजारीण दार वाजवते. काय चाललंय विचारते, जाते. तिथं बावीस वर्षांत दार वाजलं ते रोप मागायला. आणि तुम्ही सकाळपासून पाईप घेऊन. मी तुम्हाला दोष देत नाही. पण मी येत नाही आता. तुम्ही या. आधीही म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही लढायला निघालात.”

तेव्हा म्हणजे नोटीस आली तेव्हा. त्या दिवशीचा तिचा मोठा झालेला आवाज आठवला. मी वही मागे चाळून पाहिली. काळजीनं, असं लिहून ठेवलं आहे.

“विचार करतो,” मी म्हटलं.

“करा. पण बरं म्हणू नका.”

२४ ऑक्टोबर, मंगळवार

जे आहे ते लिहितो. इथं वाचायला कुणी नाही.

मला तिची आठवण येते का? येते. भाजी चिरताना विळीपाशी ती एक गाणं अर्धंच म्हणायची, पुढचे शब्द तिला येत नव्हते. ते अर्धं गाणं मला रोज ऐकू येतं आणि मलाही पुढचे शब्द येत नाहीत.

मला तिकडे जायचं आहे का? गेल्या वर्षी चार दिवस गेलो होतो. सगळी माणसं चांगली. जावई उठून खुर्ची देतो. चौथ्या दिवशी मी बाल्कनीत उभा राहून खालच्या रस्त्यावरची झाडं मोजत होतो. लेक म्हणाली, “बाबा, तिकीट काढू का?” मी इतक्या पटकन हो म्हटलं की तिचं तोंड उतरलं. ते मी तेव्हा पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आता जमिनीचं. मी सगळ्यांना सांगतो, मी शेतकरी आहे. बावीस वर्षं मी या जमिनीचा ओटा केला. तिच्यावर पिशव्या मांडल्या आणि उचलल्या. कायदा करणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण त्यानं प्रश्न बरोबर विचारला. या मातीत काय रुजलं आहे? मला उत्तर देता आलं नाही म्हणून मी पाला टाकला.

दोन वाटा आहेत. जमीन नव्हतीच शेती, असं लिहून द्यावं आणि बाल्कनीतल्या पलंगावर जावं. गुलाबवाले म्हणतात, बिगरशेती झाली की गोदामवाले रांग लावतील. नाहीतर इथं राहून, उशिरा का होईना, जमिनीत काहीतरी लावावं. पहिल्या वाटेवर ती आहे. दुसरीवर कुणी नाही.

देवापुढे बराच वेळ बसलो. तो काही सांगत नाही. त्याच्यासमोर स्वतःशी खोटं बोलणं मात्र जमत नाही. तिच्यापेक्षा मला ही जमीन जास्त हवी आहे असं नाही. पण माझा पाय तिकडे उचलत नाही. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. आहे एवढं खरं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुरुवात केली. गुलाबवाल्यांचं खड्डे घ्यायचं यंत्र आणलं. दहा फुटांवर खड्डा. दोनशे आधीचे होते, तेही उथळ आणि एकमेकांना खेटून, सगळे बुजवून नव्यानं आखले. आंब्याची कलमं, लिंबू, उरलेले पेरू. विकायचा माल तीन हिश्शांतला एकच ठेवला.

गुलाबवाले कुंपणावर हात टेकून बघत होते. “महाराज, पाहणी झाली ना? आता कुणाला दाखवायचंय?”

“कुणाला नाही.”

“मग प्लास्टिक का फाडतोस? गाडायचं नुसतं!”

मावशी म्हणाली, “त्यांना आता फसवायला कुणी उरलं नाही, म्हणून खरं करतायत.”

४ नोव्हेंबर, शनिवार

रोज तीसेक झाडं होतात. कंबर धरली आहे. तेल लावायला हात पाठीपर्यंत पोचत नाही, भिंतीला पाठ घासली.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज आंब्याची जुनी कलमं घेतली, तीन वर्षं विकली न गेलेली. पिशवी ब्लेडनं उभी चिरली की मुळांचा गोळा बाहेर येतो. मुळं पिशवीच्या आतून गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली, माती जवळजवळ उरलेलीच नाही. अशी लावली तर मातीत गेल्यावरही ती आतल्या आतच फिरत राहतात, बाहेर पडत नाहीत. म्हणून बाहेरचा वेढा कापून टाकावा लागतो. झाड आठ दिवस मान टाकतं. काही मरतातही.

पहिलं कापताना हात थांबला. मावशीनं ब्लेड घेतलं. “द्या इकडे. भाऊ, त्याला बाहेर माती आहे हे ठाऊकच नाही. त्यात त्याचा काय दोष? कापलं की कळेल.” आणि सरसर चार बाजूंनी चिरलं.

मग दुसरं मी चिरलं. चोवीस झाडं झाली. मावशी गेल्यावर हात धुताना लक्षात आलं, मी आज दिवसभर कुणाशी काही बोललोच नाही. मावशीच बोलत होती.

१२ नोव्हेंबर, रविवार

तिला सांगितलं. झाडं लावतो आहे, खरं लिहून देणार आहे, त्यामुळे दोन वर्षं जमीन देखरेखीखाली राहील आणि मला इथं हजर राहावं लागेल.

“दोन वर्षं?”

“निदान दोन वर्षं.”

“खरं लिहून द्यायलाच हवं का?”

“नाही. न लिहिताही चालतं.”

“मग हे दोन वर्षांचं तुम्ही मागून घेताय.”

“हो,” मी म्हटलं. मला ते तोवर असं दिसलं नव्हतं. पण ती म्हणाली तेव्हा नाही म्हणता आलं नाही.

“बरं,” ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. “बघा, आता मी म्हटलं.”

फोन चालूच होता. तिच्याकडे कुणीतरी भांडी लावत होतं, मग तिनं खोलीचं दार ओढून घेतलेलं ऐकू आलं. थोड्या वेळानं म्हणाली, “तुमचा जाड स्वेटर माझ्याकडे आलाय बॅगेत. पाठवते. थंडीत बाहेर बसता.”

“चिमणीला दे ना जरा.”

“झोपलीय. रविवारी या कधीतरी. सकाळी येऊन संध्याकाळी गेलात तरी चालेल. झाडं एक दिवस थांबतात.”

“येईन.”

“तारीख सांगा.”

मी तीस तारीख सांगितली. तिनं पाहून सांगितलं की तो गुरुवार आहे. मग तीन डिसेंबर ठरलं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल शेवटची ओळ झाली. सहाशे चाळीस. त्यातली अकरा गेल्यासारखी दिसतात, पण इतक्यात सांगता येत नाही.

आज सकाळी अर्ज लिहायला बसलो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी वहीत खोडू देत नसत. चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खाली बरोबर लिहायचं. वही तपासणाऱ्याला दोन्ही दिसलं पाहिजे. माझ्या वह्या त्यामुळे कधी सुबक दिसल्या नाहीत. आजचा अर्जही तसाच झाला. पाहणीच्या दिवशी माझ्या जमिनीत लागवड नव्हती, मी पिशव्या पुरून त्यांचे काठ पाल्यानं झाकले होते. त्यानंतर पिशव्या काढून सहाशे चाळीस झाडं लावली आहेत. घरात राहणारे दोन असं मी सांगितलं होतं, तेही बरोबर नाही. राहणारा एक.

बाईनं पाल्याखाली काय पाहिलं ते लिहिलं नाही. ते मला कुणी विचारलेलं नाही आणि ते माझं सांगायचं नाही.

कार्यालयात आज गर्दी होती. बाईनं अर्ज उभ्यानंच वाचला. शेवटच्या ओळीवर थांबली. माझ्याकडे पाहिलं. खुर्ची ओढून म्हणाली, “बसा काका.”

मी बसलो.

“पहिलं वाक्य गाळू या का? झाडं तर आता आहेत. मी परवा रस्त्यावरून पाहिली. फाईल तशीच वर जाईल, कुणी विचारणार नाही.”

“नको.”

“दर हंगामाला पाहणी असेल. दोन वर्षं कुठं जाता येणार नाही तुम्हाला.”

“एखादा रविवार जाईन.”

ती थोडी हसली. मी विचारलं, “पाहणीला तुम्हीच याल ना?”

“मी नाहीतर दुसरं कुणी. आमची बदली होत असते.” मग हळूच म्हणाली, “पण जे कुणी येईल त्याला कलमाचं सांगा. तुम्ही छान सांगता.”

तिनं रजिस्टर ओढलं. पूर्वीच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि तिच्याखाली नवी नोंद लिहिली: देखरेखीखाली. मला सहीची जागा दाखवली. मी सही केली. शिक्का शाईवर टेकवून तिनं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं.

“नक्की काका?”

“मारा,” मी म्हटलं.

तिनं शिक्का मारला.